बाईंच्या पर्समध्ये पिस्तूल

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त सुभेदार राहतात. बावीस वर्षं फौजेत काढली, मग काही वर्षं सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीत सुपरवायझर होते. ठाण्यातल्या खोपटच्या एसटी डेपोपासून सिद्धेश्वर तलावापर्यंत रोज पहाटे त्यांची फेरी असते, आणि परतताना फाटकाशी कुणी सापडलं की त्यांना सुरक्षेचा विषय सुचतो. २०२५च्या ऑक्टोबरच्या ३१ तारखेला मी सापडले. आदल्याच दिवशी पवईच्या आरए स्टुडिओत ऑडिशनसाठी बोलावलेल्या १७ मुलांना एका माणसाने कोंडून ठेवलं होतं. सुभेदार म्हणाले, "बाई, आता एकच इलाज. प्रत्येक शाळेत निदान दोन मास्तरांच्या कमरेला पिस्तूल. लायसन्सचं. ट्रेनिंग मी देतो, एक पैसा घेणार नाही."

मी हसले. पण शेजारी उभ्या इस्त्रीवाल्याने मान डोलावली, दूधवाल्याने डोलावली आणि चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "खरं आहे हो. बदलापूरला कुणाच्या हातात काही असतं तर?" सुभेदारांना मी तिथल्या तिथे उत्तर दिलं असतं. हा लेख त्या डोलणाऱ्या मानांसाठी आहे.

त्यांचं म्हणणं मात्र मी पूर्ण ऐकून घेतलं. वर्गात ३१ वर्षं "आधी समोरच्याचं ऐक, मग हात वर कर" असं सांगत आल्यावर तेवढं करावंच लागतं. ते म्हणतात, पोलीस येईपर्यंत वेळ जातो, शिक्षक तिथेच असतो. शिक्षक शिकलेला, जबाबदार माणूस, त्याच्यावर ना गुन्हा ना केस, त्याला परवाना द्यायला कुणाची हरकत? आणि शाळेत बंदूक आहे ही नुसती बातमी पसरली तरी वाईट माणूस आत पाऊल टाकणार नाही. ऐकायला चोख वाटतं. फौजेतला माणूस आहे, बोलणं रांगेत उभं करतो.

पवईपासून सुरुवात करते, कारण ते लवकर आटपतं. मुलांना कोंडणारा माणूस भिंत ओलांडून आलेला नव्हता. मुलांना बोलावणारा, त्यांना सूचना देणारा, तिथला 'सर' तोच होता. शालेय शिक्षण विभागाच्या स्वच्छतेच्या उपक्रमाशी त्याचा आधी संबंध आलेला, आणि त्याच कामाचे पैसे थकल्याची त्याची तक्रार होती. त्या जागी मुलांच्या रक्षणासाठी एका जबाबदार माणसाला पिस्तूल द्यायचं ठरलं असतं, तर ते कुणाच्या हाती पडलं असतं? पोलीस न्हाणीघराच्या बाजूने आत शिरले, त्यांच्या गोळीने तो गेला, मुलं सुखरूप बाहेर आली. त्याच्याजवळ एअरगन होती. खरं पिस्तूल नव्हतं हे आपलं नशीब.

आता बदलापूर. वहिनींचा प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून इथे सावकाश जाऊ या.

ऑगस्ट २०२४. बालवर्गातल्या दोन चिमुरड्या मुलींवर शाळेच्या आवारात अत्याचार झाला. आरोपी शाळेचाच सफाई कामगार, कंत्राटी, त्याच महिन्याच्या सुरुवातीला कामावर आलेला. मुलींच्या स्वच्छतागृहापाशी जी बाईमाणूस हजर असायला हवी होती ती नव्हती. कॅमेरे होते, पण पंधरा दिवसांचं चित्रीकरणच सापडत नाही, असं खुद्द तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. मुलगी घरी बोलली, आईबापांचा विश्वास बसला, पण पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेईपर्यंत त्यांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. मग २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले आणि बदलापूर स्थानकात दिवसभर गाड्या अडल्या.

यात पिस्तूल कुठे बसवायचं ते मला कुणी दाखवावं. वर्गशिक्षिकेच्या कमरेला असतं तर तिने ते कुणावर रोखलं असतं? झाडू-बादली घेऊन रोज समोरून जाणाऱ्या माणसावर? तो संशयित आहे हे जिला ठाऊक नाही, तिच्या हातातलं शस्त्र आंधळं. आणि ठाऊक असेल तर शस्त्राची गरजच उरत नाही, एक फोन पुरतो. पॉक्सो कायद्याच्या कलम १९ ने हा फोन प्रत्येकावर बंधनकारक केलेला आहे. असा प्रकार कळूनही कळवला नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे. राज्य सरकारने १० मार्च २०२२ रोजी शाळाशाळांत 'सखी सावित्री' समित्या नेमायचा निर्णय काढला होता. बदलापूरनंतर जो तो त्या समित्या शोधत फिरला. आमच्या ओळखीच्या एका मुख्याध्यापिकेने मला खासगीत सांगितलं, "समिती आहे की, फाइलीत. सगळ्यांच्या सह्या आहेत." हे शस्त्र आपल्याकडे होतं, आपण ते फाइलीला लावून ठेवलं.

बलात्काराच्या गुन्ह्यांत पीडित मूल आरोपीला ओळखत असतं, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं दाखवत आलेत, आणि प्रमाण दहांत नऊहून अधिक भरतं. काका, शेजारी, व्हॅनवाला, शिकवणीचे सर. बंदुकीचा विचार करताना डोळ्यांसमोर येतो तो तोंड बांधलेला अनोळखी माणूस. आपल्या शाळांतल्या मुलांना ज्याची भीती आहे तो हजेरीपटावर सही करून आत आलेला असतो.

बदलापूरच्या प्रकरणात बंदूक आलीच नाही असं मात्र नाही. ती नंतर आली. २३ सप्टेंबर २०२४ ला आरोपीला तळोजा तुरुंगातून पोलीस व्हॅनमधून नेत असताना मुंब्रा बायपासजवळ तो गोळी लागून मेला. पोलिसांचं म्हणणं असं की त्याने सहायक निरीक्षकांचं पिस्तूल हिसकावलं, गोळ्या झाडल्या, त्यातली एक त्यांच्या मांडीत घुसली आणि मग दुसऱ्या अधिकाऱ्याने त्याच्यावर गोळी झाडली. उच्च न्यायालयाने विचारलं, एवढे पोलीस असताना एक माणूस आवरला कसा नाही? जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल आला. त्याने व्हॅनमधल्या पाच पोलिसांना या मृत्यूला जबाबदार धरलं आणि त्या पिस्तुलावर आरोपीच्या बोटांचे ठसे मिळाले नाहीत हेही नोंदवलं.

यातलं खरं काय ते न्यायालय ठरवेल. माझं काम त्याआधीच होतं. पोलिसांचं म्हणणं खरं धरा: मग चालक धरून पाच प्रशिक्षित माणसांच्या गाडीत एका कैद्याला अधिकाऱ्याच्या कमरेचं पिस्तूल हिसकावता आलं. ६० पोरांच्या वर्गात, फळ्याकडे तोंड आणि पोरांकडे पाठ करून उभ्या असलेल्या बाईंच्या कमरेचं किती वेळ टिकेल? आता ते म्हणणं खोटं धरा: मग शस्त्र हातात असलेला माणूस, बाहेरचा डोळा नसेल तेव्हा, त्याचं काय करतो ते आपल्याला कळलं. वर्गाचं दार बंद झाल्यावर बाहेरचा डोळा नसतोच. सुभेदारांनी यातला कुठलाही पर्याय घ्यावा, मला दोन्ही चालतात.

"पण बाई, परवाना!" हे त्यांचं आवडतं. परवाना म्हणजे जणू स्वभावाचा दाखला. त्यासाठी लांब जायला नको, कल्याणच्या पुढे लोकल पकडली की झालं. २ फेब्रुवारी २०२४, उल्हासनगरचं हिललाइन पोलीस ठाणं, वरिष्ठ निरीक्षकांचं दालन. जमिनीच्या वादाची तक्रार घेऊन दोन्ही बाजू आलेल्या. कल्याण पूर्वचे तेव्हाचे आमदार गणपत गायकवाड यांच्या परवान्याच्या पिस्तुलातून दुसऱ्या बाजूच्या महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या सुटल्या, हे दालनातल्या कॅमेऱ्याने टिपलं आणि साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. आमदारांनी लगेच वाहिनीला फोनवर सांगितलं की माझ्या मुलाला धक्काबुक्की होत होती, स्वसंरक्षणासाठी झाडल्या. म्हणजे परवाना होता, पोलीस ठाणं होतं, पोलीस होते, लोकप्रतिनिधी होता आणि वर बापाचं काळीज होतं. यापेक्षा जबाबदार जागा मी तरी कुठून आणू?

त्यानंतर आठवडाही झाला नव्हता, तर दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. गोळ्या झाडणाऱ्याने वापरलं ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरचं होतं. परवाना एकाचा, बोट दुसऱ्याचं. परवान्यावर फोटो असतो तो मालकाचा. ऐन वेळी घोड्यावर कुणाचं बोट असेल, हे त्या कागदात कुठेच लिहिलेलं नसतं.

आता माझ्या कपाटाबद्दल.

वर्गातल्या कपाटाचा खालचा खण हा माझा जप्तीचा खण होता. भोवरे, गोट्या, पत्ते, ब्लेड, एकदा एक जिवंत सरडा, नंतरच्या काळात मोबाइल. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी एका सहावीतल्या मुलाकडून टिकल्यांचं पिस्तूल काढून घेतलं. मागच्या बाकांवर त्याने तीन-चार टिकल्या फोडल्या होत्या आणि वर्गभर तो जळका वास. मी ते खणात टाकलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये, पर्स खुर्चीला. मधल्या सुट्टीनंतर खण उघडला तर पिस्तूल नाही. कुलूप जागेवर, किल्ली पर्समध्ये. पुढे सुट्टी संपल्यावर मॉनिटरनेच रडत कबूल केलं: कंपासपेटीतल्या कर्कटकाने कुलूप उघडलं होतं, आणि उघडणारा तो एकटा नव्हता, निम्म्या वर्गाला ती युक्ती येत होती. किल्लीची वाट बघायला लागू नये म्हणून खडूसुद्धा ते असेच काढायचे. मला एवढी वर्षं वाटायचं, किती समजूतदार मुलं, खडू आधीच फळ्याशी ठेवतात.

या खणात सुभेदारांचं पिस्तूल ठेवायचं आहे. खणात नको तर अंगावर, म्हणतात. साडीवर कुठे अडकवायचं ते त्यांनी सांगितलेलं नाही. उरते ती पर्स. माझ्या पर्समधून पोरींनी सेफ्टी पिना, रुमाल, डोकेदुखीची गोळी इतक्या वेळा काढून आणली आहे की ती माझी कमी आणि वर्गाची जास्त होती.

आपल्या देशात शाळेत गोळ्या सुटल्याच नाहीत असं नाही. गुरगावात डिसेंबर २००७ मध्ये आठवीतला मुलगा वर्गमित्रांच्या गोळ्यांनी मेला. पिस्तूल एकाच्या वडिलांचं होतं. यमुनानगरला जानेवारी २०१८ मध्ये बारावीतल्या मुलाने प्राचार्या बाईंना गोळ्या घातल्या. रिव्हॉल्व्हर वडिलांचं, परवान्याचं. बिहारच्या सुपौलला जुलै २०२४ मध्ये नर्सरीतल्या पोराने दप्तरातून पिस्तूल आणून तिसरीतल्या मुलावर झाडलं. अमेरिकेत व्हर्जिनियात जानेवारी २०२३ मध्ये सहा वर्षांच्या मुलाने वर्गात बाईंवर गोळी झाडली, तीही आईच्या बंदुकीतून. ही शस्त्रं पोरांनी बाजारातून विकत आणली नव्हती. विश्वासातल्या मोठ्या माणसाने जपून ठेवलेली वस्तू होती ती, आणि पोरांना जागा माहीत होती. आता शाळेतच असं आणखी एक कपाट वाढवायचं.

आणि आम्ही शिक्षक. आमच्याबद्दल सुभेदारांचं मत फार चांगलं आहे, त्याला तडा देणं माझ्या जिवावर येतं, पण देते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने आमच्या हातातली छडी काढून घेतली, कारण आम्ही ती सांभाळू शकलो नव्हतो. मी स्वतः एकदा एका मुलाला डस्टर फेकून मारलं आहे. ६८ मुलांचा वर्ग, मे महिना तोंडावर, पंखा बंद, घरी सासूबाई आजारी. त्याने काय केलं होतं? काही नाही, हसला होता, आणि तेही माझ्याकडे बघून नव्हे. तो खाली वाकला, डस्टर भिंतीवरच्या नकाशाला लागलं, मराठवाड्यावर खडूचा पांढरा ठिपका उमटला. सुट्टी लागेपर्यंत मी तो पुसला नाही. माझ्या हाताशी त्या क्षणी जे होतं ते मी फेकलं. हाताशी डस्टर होतं हे त्या मुलाचं आणि माझं दोघांचंही भाग्य. शिक्षक-कक्षात सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून होणारी भांडणं ज्यांनी ऐकलीत त्यांना मी अधिक सांगायला नको.

जिथे हा प्रयोग झाला तिकडेही बघू. पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर १६ डिसेंबर २०१४ ला हल्ला झाला, शंभरावर मुलं गेली. त्यानंतर खैबर-पख्तुनख्वाच्या सरकारने शिक्षकांना शस्त्र बाळगायला मुभा दिली. पुढच्याच वर्षी स्वात खोऱ्यातल्या एका शाळेत शिक्षकाच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटली आणि विद्यार्थी मेला. हे सांगून मी गप्प बसले तर ते अर्धसत्य होईल. २० जानेवारी २०१६ ला चारसद्दाच्या बाचा खान विद्यापीठात अतिरेकी घुसले तेव्हा रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक, सय्यद हमीद हुसेन, आपलं पिस्तूल घेऊन आडवे उभे राहिले. त्यांच्यामुळे काही विद्यार्थ्यांना पळायला वेळ मिळाला आणि ते स्वतः मारले गेले. त्या माणसापुढे मी मान झुकवते. पण चारसद्दा म्हणजे खोपट नव्हे. तिथे चार माणसं रायफली घेऊन भिंत ओलांडतात, त्या मुलखाचा उपाय आमच्या बालवाडीच्या खिडकीला का लावायचा?

आणि रायफलींचं म्हणाल तर अमेरिकेत टेक्सासच्या युवाल्डीला मे २०२२ मध्ये ३७६ सशस्त्र पोलीस शाळेपाशी जमले होते, तरी हल्लेखोरापर्यंत पोहोचायला ७७ मिनिटं लागली, आणि १९ मुलं, २ शिक्षिका गेल्या. चिलखत घातलेल्या माणसांना दार उघडायला सव्वा तास लागला, तिथे गणिताच्या बाईंनी काय करणं अपेक्षित आहे? ओहायोत त्याच वर्षी कायदा बदलून शिक्षकाला शस्त्रासाठी २४ तासांपर्यंतचं प्रशिक्षण पुरेसं ठरवलं. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत तर २०१८ मध्ये शस्त्र सुरक्षितपणे कसं हाताळावं हे शिकवतानाच सरांच्या हातून गोळी सुटली. ते सर पोलीस दलातही राखीव म्हणून काम करत होते. सुभेदारांच्या फुकट प्रशिक्षणाची आठवण मला इथे येते.

एक गंमत सांगून पुढे जाते. आचारसंहिता लागली की पोलीस आयुक्तालय परवानाधारकांना शस्त्रं ठाण्यात जमा करायला लावतं. आणि आचारसंहिता लागली की शिक्षक कुठे असतात? मतदार याद्या घेऊन दारोदार. ज्या वर्षी लोकसभा, विधानसभा आणि महापालिका एकापाठोपाठ येतील त्या वर्षी आमचं पिस्तूल चौकीत आणि आम्ही बूथवर. शाळा कोण राखणार?

शाळा कोण राखत होतं, ते मी बघितलेलं आहे. आमचे शिपाईमामा. उंची जेमतेम सव्वापाच फूट, चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, हातात फाटकाची किल्ली आणि पितळेची घंटा. कुठल्या मुलाला कोण न्यायला येतं हे त्यांना पाठ असे. एका दुपारी साडेबाराला एक गृहस्थ रिक्षा उभी करून आले, नीट कपडे, बोलणं गोड, "तिसरीतल्या अमुकचा मी बाबा, डॉक्टरकडे न्यायचंय." खरोखरच बाबा होते. पण मामांनी त्या मुलीला तीन वर्षं आजीच्या बोटाला धरून येताना पाहिलं होतं, बाबा कधीच नाही. ते म्हणाले, "साहेब, बसा. चहा मागवतो. मोठ्या बाईंची सही लागते, त्या येतातच." मोठ्या बाई त्या दिवशी रजेवर होत्या. मामांनी चहा पाजला, दुसरा पाजला, पावसाचं बोलले, गावाचं विचारलं, आणि मधल्या वेळात कारकुनाला मुलीच्या आईकडे फोन करायला पाठवलं. कोर्टाने मुलगी आईकडे दिलेली होती. आई धापा टाकत आली तोवर गृहस्थांचा तिसरा कप चालू होता. त्या पोरीला वर्गात यातलं काही कळलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे सतराचा पाढा म्हणत होती. कमरेला पिस्तूल असलेला माणूस फाटकावर असता तर दोनच गोष्टी घडू शकल्या असत्या: त्याने बापाला आत सोडलं असतं, नाहीतर अडवून तमाशा केला असता.

मामा निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांतली शिपायांसारखी चतुर्थ श्रेणीची पदंच संपवत आणली: आहेत ती माणसं निवृत्त झाली की पद गेलं, त्या बदल्यात शाळेला ठोक भत्ता. भत्त्यात माणूस मिळतो, नाही असं नाही. तो एजन्सीकडून येतो, महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो, निळा शर्ट मागच्या माणसाच्या मापाचा असतो. त्याला मुलांची नावं कळायला लागतात तोवर त्याला दुसऱ्या साइटवर हलवतात. बदलापूरचा सफाई कामगार असाच कंत्राटातून आला होता. फाटकावरचा ओळखीचा माणूस खर्च म्हणून कापायचा, स्वच्छतागृहापाशी बसणाऱ्या मावशींचं पद रिकामं ठेवायचं, कॅमेऱ्याची दुरुस्ती पुढच्या बजेटवर ढकलायची, आणि मग घाबरून बाईंच्या पर्समध्ये पिस्तूल ठेवा म्हणायचं. पिस्तूल सरकारला स्वस्त पडतं, हे मला मान्य आहे. एकदाच घ्यावं लागतं आणि त्याला पेन्शन लागत नाही.

सुभेदारांना हे सगळं मी तोंडी सांगितलं होतं. त्यांना पटलं नाही. "तुमचे मामा एकच होते, बाई," म्हणाले. "आता तशी माणसं कुठून आणायची?" त्यांच्या एजन्सीत असताना ते एका रक्षकाला एका जागी किती दिवस ठेवायचे, असं मी विचारलं. त्यांनी विषय बदलला.

परवा संध्याकाळी मात्र ते स्वतःहून थांबले. सुनेला बरं नव्हतं म्हणून नातीला आणायला शाळेत गेले होते, या शाळेत आयुष्यात पहिल्यांदा. फाटकावर नवा मुलगा होता. त्याने सुभेदारांच्या मिशा पाहिल्या, ताठ चाल पाहिली, खाडकन सलाम ठोकला आणि फाटक उघडलं. हे आत गेले, दोन जिने चढले, नातीच्या वर्गाच्या दाराशी उभे राहिले, तिला हाक मारली, दप्तर खांद्याला लावलं आणि तिला घेऊन बाहेर आले. कुणी नाव विचारलं नाही.

"येणाऱ्यांची वही नव्हती?" मी विचारलं.

"होती," सुभेदार म्हणाले. "टेबलावर उघडी होती. मीच म्हटलं, लिहितो. पेन नव्हतं त्याच्याकडे."